गोंगाट कोणाचा?

‘गाणे गाण्यासारखे असावे, त्यात राजकारण कशाला?’ असा एक भाबडा दिसणारा प्रश्न आपल्या समाजातली वडीलधारी मंडळी मोठ्या भारदस्तपणे विचारीत असतात. प्रश्न भाबडा दिसतो, पण आहे मात्र चांगलाच बेरकी! कारण तो विचारणारे सद्गृहस्थ निवडणुकीच्या दिवसांत रिक्षावर कर्णे लावून फिरणारी प्रचाराची गाणी निमूटपणे ऐकून घेतात. लग्नाच्या वरातीत पुढाऱ्याच्या नावाचा जयघोष असलेल्या गाण्यावर त्यांचेच चिरंजीव घाम निथळेपर्यंत नाचत असतात आणि हे स्वतः बाजूला उभे राहून कौतुकाने पाहत असतात. तेव्हा गाण्यात राजकारण यांना चालत नाही असे मुळीच नाही. यांना चालत नाही तो राजकारणाला विचारलेला प्रश्न. जयजयकार हे यांच्या लेखी मनोरंजन आणि सवाल हे मात्र राजकारण!

हे सारे आठवायचे कारण एवढेच, की आमच्या कर्जतला या विषयावर नुकतीच बरीच वादावादी झाली. कर्जत म्हणजे मुंबईच्या लोकलगाडीच्या टोकाला असलेले हिरवेगार कर्जत नव्हे. आमचे कर्जत नगर जिल्ह्यातले. आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर. ज्वारीचे, पावसाची वाट पाहणारे, गोदड महाराजांच्या रथाचे कर्जत. गावातल्या काही तरुण मुलामुलींनी असे ठरवले, की इंग्लंडमधल्या ‘ब्लॅक सॅबाथ’ या मंडळींची ‘पॅरानॉइड’ ही १९७० सालची तबकडी एका संध्याकाळी दहा-वीस जणांनी बसून ऐकावी आणि प्रत्येक गाण्याचा अर्थ मराठीत सांगावा. या संगीताला ‘हेवी मेटल’ म्हणतात. नावच मुळी जड धातूचे! मुलांनी एका संस्थेकडे दिवाणखान्याएवढी जागा मागितली. जागा मिळाली नाही. कारणे तीन सांगण्यात आली: हा गोंगाट आहे, हे सैतानी आहे, आणि यात युद्धाविरुद्ध बोलून सैनिकांचा अपमान केला आहे. ही तिन्ही कारणे मी एकेक करून तपासणार आहे. वाचकांनी फराळाचे ताट जरा बाजूला ठेवून ऐकावे, अशी विनंती आहे.

पहिला आरोप गोंगाटाचा. आता गोंगाट कशाला म्हणावे, हे या देशात कोणाच्या लहरीवर सोडलेले नाही. त्याचे नियम आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला मनाई आहे. वर्षातून मोजके दिवस सरकारला सवलत देता येते, तीही मध्यरात्रीपर्यंतच. हे नियम सर्वांना ठाऊक आहेत. असे असूनही मिरवणूक कोणतीही असो, उत्सवाची, जयंतीची, वाढदिवसाची की नवरदेवाची, ट्रकवर रचलेली ती डॉल्बीची भिंत गल्लीत शिरते, खिडक्यांची तावदाने थरथरतात, पाळण्यातले मूल दचकून रडू लागते, आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीत धस्स होते. त्या वेळी आमचे हे रसिक कुठे असतात? ते मिरवणुकीच्या पुढे फेटा बांधून चाललेले असतात! ‘पॅरानॉइड’ ही तबकडी ज्याला नको त्याने ऐकू नये. तिचा आवाज कमी करायची कळ ऐकणाऱ्याच्या हाताशी आहे. डॉल्बीची कळ आपल्या हाताशी नाही. मग गोंगाट कोणाचा म्हणायचा?

शिवाय मोठा आणि जड आवाज आपल्या कानाला परका आहे, हे तरी कोणी सांगितले? आमच्याच तालुक्यातल्या राशीनला देवीसमोर संबळ घुमू लागले की अंगावर काटा उभा राहतो. हलगी कडाडली की म्हाताऱ्याचाही पाय जागच्या जागी ठेका धरतो. ज्याचा कान संबळ, हलगी आणि तुतारीवर तयार झाला, त्याने जड ठेक्याला भ्यावे हे नवल आहे. आणि ही तबकडी म्हणजे नुसता आरडाओरडा, असे म्हणणाऱ्याने ती पुरती ऐकलेली नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. तिच्यात एकूण आठ रचना आहेत. त्यांतली ‘प्लॅनेट कॅरव्हॅन’ नावाची रचना अगदी हळुवार आहे, तिच्यात बासरी आणि हाताने वाजवायची तालवाद्ये आहेत. रात्री अंगणात बाज टाकून आकाशाकडे बघत पडणाऱ्या माणसाला ती सहज कळेल.

या आवाजाला जडपणा आला कुठून, हेही ऐकण्यासारखे आहे. बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरातल्या ॲस्टन नावाच्या कामगारवस्तीत ही चार मुले वाढली. टोनी आयोमी, गीझर बटलर, बिल वॉर्ड आणि ऑझी ऑस्बोर्न अशी त्यांची नावे. चौघांचा जन्म १९४८-४९ मधला. महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांनी पडलेली घरे अजून शहरात उभी होती, त्या काळातले त्यांचे बालपण. ऑस्बोर्न काही काळ खाटीकखान्यात कामाला होता. आयोमी पत्र्याच्या कारखान्यात होता. आणि सतराव्या वर्षी, कामाच्या अगदी शेवटच्या दिवशी, यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तोडून नेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका हाच. डॉक्टरांनी वाजवण्याची आशा सोडायला सांगितले. पण कारखान्यातल्या मुकादमाने त्याला जँगो राइनहार्ट या वादकाची तबकडी आणून ऐकवली. आगीत भाजून ज्याच्या दोन बोटांतले बळ गेले होते, असा हा थोर गिटारवादक. ती ऐकून पोराने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या केल्या, त्यांना चामड्याचे आवरण लावले, गिटारवर हलक्या तारा चढवल्या आणि पुन्हा वाजवायला बसला. पुढे १९७१ च्या तबकडीत त्याने तारा सैल करून सूर तीन अर्धस्वरांनी खाली आणले, म्हणजे दुखऱ्या बोटांना ताण कमी. त्यातून तो खोल, घोगरा, जमिनीतून वर आल्यासारखा आवाज आणखी गडद झाला आणि तोच पुढे जगभर पसरला.

वाचकहो, कडबाकुट्टीत बोटे गेलेली माणसे आपल्या गावात काय कमी आहेत? गुऱ्हाळाच्या चरकात, पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यात हात गमावलेली माणसे आपण रोज पाहतो आणि ‘नशीब त्याचे’ म्हणून पुढे जातो. त्यांच्यापैकी एकाने त्या तुटक्या बोटांतून नवा आवाज काढला, तर त्याला कर्कश म्हणून नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

दुसरा आरोप सैतानीपणाचा. मंडळींचे नाव भयपटावरून घेतलेले, वेष काळा, गळ्यात क्रूस. तेव्हा हे भुताखेतांचे उपासक असणार, असा निवाडा. या निवाड्याला एक गमतीदार शास्त्राधारही आहे. याच मंडळींच्या पहिल्या तबकडीत, १९७० सालीच निघालेल्या, एक स्वरजोडी वारंवार येते. जुन्या युरोपीय संगीतशास्त्राने तिला ‘सैतानी’ म्हणून हिणवले होते. ही जोडी कोणती? आपल्या भाषेत षड्ज आणि तीव्र मध्यम! म्हणजे यमन गाणारा आपला प्रत्येक विद्यार्थी दिवेलागणीला सैतानाला आवाहन करतो असे म्हणावे लागेल. सूर पवित्र किंवा अपवित्र नसतो. कान तसा असतो.

आणि त्यांच्या गाण्यातल्या सैतानाकडे तरी नीट पाहा. ‘पॅरानॉइड’चे पहिले गाणे ‘वॉर पिग्ज’. आरंभी हवाई हल्ल्याची सूचना देणारा भोंगा वाजतो. मुंबईच्या गिरणीत आयुष्य घालवलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांना भोंगा म्हणजे काय, हे सांगायला नको. मग गाण्यात काळी पूजा मांडणाऱ्या चेटकिणी येतात. पण त्या कोण? सैन्य हलवणारे सेनापती आणि युद्ध सुरू करून स्वतः सुरक्षित राहणारे राजकारणी. अखेरीस न्यायाचा दिवस उगवतो आणि या बड्यांना गुडघे टेकावे लागतात. यात सैतानाची आरती कोठे आहे? ही तर आपल्या कीर्तनात ऐकू येणारी कर्मफळाची गोष्ट आहे. भुताची उपमा दुष्टाला दिली, एवढेच.

रूपकाआडून राज्यकर्त्यांना हाणण्याची ही रीत मराठी माणसाला नवी असावी? कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ साली ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणले. कथा महाभारतातली, पण कीचकाच्या मुखवट्याआड लॉर्ड कर्झन बसला आहे, हे पिटातल्या प्रेक्षकालाही कळत होते. १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. परक्या सरकारला रूपक कळले आणि आम्हा स्वतंत्र देशातल्या सुशिक्षितांना ते कळू नये, याला काय म्हणावे! नवी भाषा आली की ती ‘समजत नाही’ आणि ‘असभ्य आहे’ अशी दुहेरी ओरड करायची, हीही आपली जुनीच खोड. बा. सी. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ १९४७ साली आल्या, तेव्हा यंत्रयुगाची ती कविता दुर्बोध ठरवली गेली; त्यांच्यावर अश्लीलतेचा खटलासुद्धा झाला. ते निर्दोष सुटले आणि आज मर्ढेकरांवाचून मराठी कवितेचा इतिहास लिहिता येत नाही.

आता तिसरा आरोप, आणि खरा कळीचा. युद्धाविरुद्ध गाणे म्हणजे सैनिकाचा अपमान. हा आरोप मला हसण्यावारी नेता येत नाही, कारण आमचा जिल्हा सैन्याशी जवळून बांधलेला आहे. नगरला चिलखती दलाचे केंद्र आहे. तिथल्या रणगाडा संग्रहालयात सुट्टीच्या दिवशी आपण मुलांना घेऊन जातो. रणगाड्यापुढे उभे करून त्यांची छायाचित्रे काढतो. आमच्या तालुक्यातली किती तरी घरे अशी आहेत, की जिथे दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला एक पाट रिकामा असतो, कारण त्या पाटावर बसणारा सीमेवर आहे. त्या घरातल्या आईच्या काळजाला धक्का लागेल असे काही कोणी गाऊ नये, हे मला मान्य आहे.

पण ‘वॉर पिग्ज’ त्या आईच्या विरुद्ध आहे की बाजूने? १९७० साली व्हिएतनामचे युद्ध चालू होते. अमेरिकेत सक्तीची सैन्यभरती होती. मात्र कॉलेजात शिकणाऱ्यांना सवलत मिळे. म्हणजे ज्याच्या बापाला फी भरता येई त्याचा मुलगा वर्गात, आणि ज्याला ती झेपत नसे त्याचा मुलगा जंगलात! त्या युद्धात ५८ हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक मेले. व्हिएतनामी माणसे तर लाखांनी मेली. गाण्याचा रोख लढणाऱ्यावर नाही, धाडणाऱ्यावर आहे. गरिबाच्या मुलाला पुढे करून स्वतः मागे राहणाऱ्यावर आहे. याच तबकडीतले ‘हँड ऑफ डूम’ हे गाणे व्हिएतनामहून परतलेल्या आणि हेरॉइनच्या आहारी गेलेल्या सैनिकांविषयी आहे. हार घालून स्वागत झाले, भाषणे झाली, आणि मग त्या माणसाचे पुढे काय झाले, ते हे गाणे सांगते. ‘इलेक्ट्रिक फ्युनरल’ अणुयुद्धानंतरची पृथ्वी दाखवते. आता सैनिकाचा मान राखला कोणी? त्याच्या नावाने मते मागणाऱ्याने, की तो परत आल्यावर त्याची विचारपूस करणाऱ्या गाण्याने?

या तबकडीला ‘वॉर पिग्ज’ हेच नाव द्यायचे ठरले होते. कंपनीने ते बदलून ‘पॅरानॉइड’ केले. हे गाणे घाईघाईत, तबकडीतली जागा भरण्यासाठी रचलेले, आणि तेच गाजले. युद्धसमर्थकांचा रोष ओढवेल ही धास्ती नाव बदलण्यामागे होती, असे सांगितले जाते. पण वेष्टनावरचे चित्र तेच राहिले: ढालतलवार घेऊन धावून येणारा एक चमत्कारिक माणूस, ज्याचा नव्या नावाशी काडीचा संबंध नाही! व्यापारी तिथलाही भित्राच होता म्हणायचा. तरीही ती तबकडी इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली.

आणि हे सारे विलायती म्हणून नको असेल, तर आपल्या घरचे घ्या. गिरणीत राबलेले अण्णाभाऊ साठे, आमच्या शेजारच्या बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले. डफ कडाडला, तुणतुणे झणाणले, आणि हजारोंच्या सभा जागच्या जागी खिळल्या. अण्णाभाऊंच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत गावी राहिलेल्या बायकोचा विरह आणि महाराष्ट्रापासून तुटलेल्या मुलखाचे दुःख एकच होऊन जाते. त्यात राजकारण नव्हते काय? ते राजकारण काढून घेतले तर गाण्यात उरेल काय? संयुक्त महाराष्ट्र १९६० साली आला, त्या आंदोलनातला शाहिरांचा वाटा कोणी विसरू म्हटले तरी विसरता येणार नाही. आज त्याच शाहिरांच्या जयंतीला आपण हार घालतो. आणि त्यांच्यासारखा प्रश्न विचारणारे गाणे कोणी परक्या भाषेत म्हटले, की त्याला गोंगाट ठरवून दार लावून घेतो! फार लांब कशाला, यात्रेतल्या वगात सोंगाड्या भरसभेत पाटलाची आणि मंत्र्याची टोपी उडवतो, तेव्हा सर्वांत मोठ्याने हसतो तो पाटीलच. वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ पाहून हसलेल्या मराठी कुटुंबांनी तरी करमणुकीत राजकारण नको, असे म्हणू नये.

आता थोडे तरुणांनाही. तुमची बाजू घेतली म्हणून हुरळून जाऊ नका. कवटीचे चित्र असलेला काळा सदरा घातला, केस वाढवले आणि मान हलवली, की आपण बंडखोर झालो असे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटते. हे बंड शिंपी आणि न्हावी यांच्यापुरतेच! शब्दांचा अर्थ न कळता जो नुसता आवाजावर डोलतो, त्याच्यात आणि डॉल्बीपुढे नाचणाऱ्यात मला तरी फरक दिसत नाही. ज्यांनी ही गाणी रचली ती माणसे काही साधुसंत नव्हती. व्यसनांनी त्यांची आयुष्ये पोखरली. व्यसनाचा नाश आपल्या गाण्यात सांगणारी माणसेच त्यात अडकली. त्यांचे अनुकरण करायचे नाही, त्यांचे गाणे ऐकायचे आहे. आणि हेही कबूल करू, की ही तबकडी उपाय सांगत नाही. युद्ध कधी टळते, कधी टळत नाही, देशावर कोणी चालून आले तर काय करायचे, या प्रश्नांना तिच्यात उत्तर नाही. देशरक्षणाचे युद्ध आणि सत्तेच्या हौसेचे युद्ध यांतला फरक तिच्यावरून ठरवता येणार नाही. तो आपल्या बुद्धीने ठरवावा लागेल. पण आगीची आरोळी ठोकणाऱ्याने पाण्याची घागरही आपणच आणली पाहिजे, असा आग्रह कोणी धरू नये.

याच तबकडीत ‘आयर्न मॅन’ नावाचे गाणे आहे. एक माणूस भविष्यात जाऊन जगाचा नाश पाहून येतो. परतताना त्याचे शरीर पोलादाचे होऊन जाते. तो सांगू पाहतो, पण त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. लोक हेटाळणी करतात. शेवटी तोच चिडून त्या नाशाला कारण होतो. घरातल्या वडीलधाऱ्यांनी या कथेवर जरूर विचार करावा. मूल काही सांगू पाहते आहे, ते विचित्र वेषात आणि चढ्या आवाजात सांगते आहे. पण ऐकून घेणारे कोणी नसले तर ते पुढे सांगत बसत नाही, पोलादाचे होते.

५ जुलै २०२५ रोजी त्याच ॲस्टनमधल्या फुटबॉलच्या मैदानावर ही चार म्हातारी माणसे अखेरची एकत्र आली. ऑस्बोर्न उभा राहू शकत नव्हता. त्याने बसून गायले. त्याच महिन्याच्या २२ तारखेला तो गेला. पंचावन्न वर्षांपूर्वीच्या गाण्यांना हजारो लोकांनी शब्दान् शब्द साथ दिली, ती काय नुसत्या गोंगाटाला?

तेव्हा माझे मागणे साधे आहे. ज्यांच्या हातात सभागृहाच्या किल्ल्या आहेत, त्यांनी गाणे आधी ऐकावे आणि मग दार लावावे. न ऐकता लावू नये. डॉल्बीला जो नियम आहे तो या तबकडीलाही लावा. दहाच्या ठोक्याला बंद करा, आवाज मर्यादेत ठेवा, पण मग तोच नियम मिरवणुकीला लावायचे धैर्यही दाखवा. आणि घरोघरच्या आईबापांनी या दिवाळीत आठ मिनिटे काढावीत. ‘वॉर पिग्ज’ तेवढेच आहे. मुलाला शेजारी बसवून म्हणावे, ‘बाळ, लाव तुझे ते गाणे आणि अर्थ सांग.’ आवडले नाही तर तसे तोंडावर सांगावे. वाद घालावा, भांडावे. भांडणारे घर जिवंत असते. तुमचा आक्षेप आवाजाला असेल, तर तो कमी करायची कळ आहे. आक्षेप प्रश्नाला असेल, तर मात्र त्याला कळ नाही. त्याला उत्तरच द्यावे लागेल.